‘घ’ आणि ‘ध’

माझ्या वर्गांतील एक मुलगा तोंडी उत्तरें अचूक देई. परंतु ‘घर’ हा शब्द ‘धर’ असा वाची. मीं त्यास आळशी ठरवून बाकावर उभें केलें. दोष माझ्या अज्ञानाचा होता. बुद्धि तल्लख असूनहि अक्षर व ध्वनि यांची सांगड न बसणें, ही अध्ययन-अक्षमता होय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें ती मान्य केली आहे. अशा मुलास शाळेनें परीक्षेंत अधिक वेळ द्यावा. घरीं जुन्या धूळपाटीप्रमाणें वाळूंत बोटानें अक्षर गिरवून घ्यावें, सोबत उच्चार करवावा. म्हणजे डोळा, हात व कान एकमेकांस साहाय्य करितात. बाकावर उभा राहून तो मुलगा वाचावयास शिकला नाहीं; पुस्तकास मात्र दुरावला.