निहाली : सातपुड्यातली एकटी भाषा

सातपुड्याच्या कुशीत, बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाल समाज निहाली बोलतो. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. शेजारची कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्राविड, मराठी आर्य. निहाली मात्र कुठल्याच कुळात धड बसत नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०६ मध्ये तिला मुंडांच्या खात्यात टाकले, ते घाईचेच ठरले. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ मध्ये दाखवले, की कोरकू, द्राविड, आर्य उसनवारी वगळूनही सुमारे चौथा हिस्सा शब्द निराळेच उरतात. निहालीला स्वतःची लिपी नाही. घराबाहेर कोरकू, मराठी, हिंदीच चालते.