शौचातून रक्त जाते तेव्हा

शौचाला बसले की रक्त पडते, ही गोष्ट माणूस चारचौघांत बोलत नाही. बायका तर नवऱ्यालाही सांगत नाहीत. मग कोणी म्हणतो, "मूळव्याध असेल, जाईल आपोआप." आणि वर्ष निघून जाते.

मूळव्याध असते हे खरे. पुष्कळांना तीच असते. गुदद्वाराजवळच्या शिरा फुगतात, त्याला आपण मोड आले म्हणतो. मळ कठीण झाला, रोज कुंथावे लागले, की मोडांतून रक्त येते. ते लालभडक असते, मळाच्या वरून थेंब थेंब पडते आणि बहुधा दुखत नाही. सुरीने कापल्यासारखी आग होत असेल तर तिथे चीर पडलेली असते. या दोन्हींचा पहिला इलाज घरातच आहे. पाणी भरपूर प्यावे, भाकरीबरोबर पालेभाजी खावी, रात्री इसबगोल घ्यावे. शौचाला लागली की अडवून धरू नये.

पण रक्ताला दुसरीही कारणे आहेत. जंतूंमुळे आव होते, तेव्हा मुरडा येऊन शेम-रक्त पडते. काहींच्या मोठ्या आतड्यालाच आतून व्रण पडतात, आणि हे महिनोन्महिने चालते. मळ डांबरासारखा काळा, चिकट झाला तर रक्त वरून, जठरातून येत असते. सांधेदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांना असे होऊ शकते. अशा वेळी, किंवा रक्त फार जाऊन चक्कर आली तर, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. (लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो. त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे.)

आणखी एक कारण म्हणजे मोठ्या आतड्याचा कॅन्सर. तिथे आधी लहान गाठ होते. तिचा कॅन्सर व्हायला बहुधा 10 वर्षे तरी लागतात. तेवढ्यात सापडली तर पुष्कळदा दुर्बिणीतूनच काढता येते, पोट फाडावे लागत नाही. मूळव्याध असलेल्या माणसालाही हा रोग होतो, म्हणून जुन्या मूळव्याधीवर भार टाकून बसू नये. मळात मिसळलेले रक्त, शौचाची सवय बदलणे, पोट साफ झाल्यासारखे न वाटणे, वजन घटणे, चालताना दम लागणे, या खुणा ध्यानात ठेवा. दम का लागतो? थोडे थोडे रक्त जाऊन अंगातले रक्त कमी होते. पुरुषाचे हिमोग्लोबिन 13 च्या आणि बाईचे 12 च्या खाली गेले तर कारण शोधलेच पाहिजे.

"एका सुईत मूळव्याध बरी" अशा पाट्या बाजारात दिसतात. न तपासता सुई टोचणाऱ्याच्या दारात मी तरी कोणाला जाऊ देणार नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर कुशीवर निजवतात, हातमोजा घालून बोटाने तपासतात. दोन मिनिटांचे काम. बायकांनी सोबत कोणी बाईमाणूस न्यावे. जरूर वाटल्यास डॉक्टर दुर्बिणीच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देतात.

जाताना एका कागदावर लिहा: रक्त कधीपासून जाते, रंग कसा, दुखते का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का. आता तुम्हाला लिहिता येते. तोंडाने सांगायला लाज वाटली तर तो कागदच डॉक्टरांच्या हातात द्यावा.