लायनफिश खाऊन संपेल का?

परक्या समुद्रात शिरलेला मासा लोक खाऊ लागले की तो आपोआप संपेल, असा एक समज आहे. लायनफिशच्या बाबतीत तो जास्तच ऐकू येतो. हिंदी आणि प्रशांत महासागरातला हा पट्टेरी मासा 1985 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ आढळला. बहुधा मत्स्यालयांतून सुटलेला. पुढे तो कॅरिबियन समुद्रभर पसरला. अशा जिवाला आक्रमक प्रजाती (बाहेरून येऊन स्थानिक जीवांवर कुरघोडी करणारी जात) म्हणतात.

व्यावसायिक मासेमारीने त्याचे नियंत्रण होते, निर्मूलन नव्हे. शेतकरी निंदणी करतो ती तण कायमचे नाहीसे होईल म्हणून नाही, पीक तगावे म्हणून. आणि ती पुन्हा पुन्हा करावी लागते. प्रवाळांवरचे लायनफिश सतत काढत राहिले तर तिथल्या छोट्या माशांना सावरायला वाव मिळतो. पण हा मासा 300 मीटर खोलीवरही राहतो, मादी वर्षाला सुमारे 20 लाख अंडी घालते आणि गळाला तो क्वचितच लागतो. पाणबुड्याला भाल्याने एकेक टिपावा लागतो. मग तो स्वस्त कसा मिळणार?

दुसरा गैरसमज विषाचा. विष त्याच्या 18 काट्यांत असते, मांसात नाही. काटे कात्रीने जपून छाटले की तो इतर माशांसारखाच साफ करता येतो.

खरी मेख पुढे आहे. धंदा जमला की मासा टिकावा, असे धंदेवाल्यांना वाटू लागते. म्हणून अशा मासेमारीला संख्येची किंवा हंगामाची मर्यादा नसावी. फ्लोरिडात लायनफिशला ती नाही.