एजन्सीचा करार पुन्हा करायचा नाही? मग गुपचूप काम सोडू नका, आधी हे कागद हातात घ्या

अकरा महिने भरत आले की एजन्सीच्या सुपरवायझरचा फोन येतो. "रविवारी गेटवर ये, दोन सह्या करून जा, पुढचं अकरा महिन्यांचं काम पक्कं." पारनेर, श्रीगोंदा, शिरूर भागातून सुपा, रांजणगाव आणि चाकणच्या एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांना हा फोन नवा नाही. सुपरवायझर बऱ्याचदा गावातलाच किंवा शेजारच्या गावचा असतो. त्यामुळे "नाही" म्हणायला जीभ रेटत नाही.

पण एजन्सीने दोनदा पगार अडवला असेल, ओटीचे तास खाल्ले असतील, पीएफ कापून तो भरलाच नसेल, तर पुन्हा सही कशाला करायची, असं पोराला वाटतं. मग तो काय करतो? फोन उचलत नाही, कामावर जाणं बंद करतो आणि गावी येऊन बसतो. नेमकी इथेच चूक होते. कारण एजन्सीकडे त्याचा शेवटच्या महिन्याचा पगार असतो, बोनस असतो, पीएफच्या खात्यातली काम सोडल्याची तारीख असते. न सांगता गेलेल्या माणसाच्या नावापुढे "पळून गेला" असा शेरा मारणं एजन्सीला सोपं जातं, आणि मग प्रत्येक पैशासाठी त्यालाच हेलपाटे घालावे लागतात.

मुदतीचा करार हा त्या तारखेला संपतो. तो पुन्हा करायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क एजन्सीइतकाच कामगारालाही आहे. नको असेल तर कारण द्यावंच लागतं असंही नाही. फक्त करारात एक ओळ शोधावी लागते. मुदत संपल्यावर करार "आपोआप वाढेल" किंवा सोडण्याआधी 15 किंवा 30 दिवसांची नोटीस द्यावी लागेल, असं काही लिहिलंय का? कराराची प्रतच मिळाली नसेल (बहुतेकांना मिळत नाही), तर ती आधी मागावी. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे.

एजन्सी बेभरवशाची आहे हे ओळखायचं कसं

पगार एकदा उशिरा झाला म्हणून एजन्सी लबाड ठरत नाही. कंपनीचं बिल अडकलं की लहान ठेकेदाराचा पगारही अडकतो. खरी परीक्षा पीएफच्या पासबुकात होते, कारण तिथे तोंडी थापा चालत नाहीत.

समजा, एका पोराच्या पगार स्लिपवर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 रुपये आहेत. त्याच्या पगारातून 12 टक्के, म्हणजे 1,560 रुपये पीएफ कापला जातो. मालकानेही तेवढेच 1,560 भरायचे असतात. पण पासबुक उघडल्यावर मालकाच्या रकान्यात 477 रुपयेच दिसतात आणि पोरगा म्हणतो, "बघा, हजार रुपये खाल्ले!" तसं नसतं. मालकाच्या हिश्शातले 8.33 टक्के, म्हणजे 1,083 रुपये, पेन्शनच्या खात्यात जातात आणि पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो. 1,560, 477 आणि 1,083 हे तीन आकडे जुळले की त्या महिन्याचा हिशोब बरोबर.

घोटाळा कुठे असतो? स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो आणि पासबुकात तो महिनाच नसतो. एजन्सीने मागच्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. पासबुकात नोंद दिसायला थोडे दिवस इकडे-तिकडे होतात, पण दोन-तीन महिने सलग गायब असतील तर ते पैसे भरलेलेच नाहीत, असं समजून विचारपूस सुरू करावी. दुसरा प्रकार याहून वाईट. मालकाचा हिस्साही पोराच्याच पगारातून कापायचा आणि वर सांगायचं, "तुझ्या सीटीसीतच आहे तो." पीएफच्या कायद्यात मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून वसूल करायला मनाई आहे.

पासबुक बघायला सायबर कॅफेत जायची गरज नाही. उमंग अ‍ॅपमध्ये ते दिसतं. यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून 9966044425 या नंबरवर मिस कॉल दिला तर शिल्लक आणि शेवटचा भरणा मेसेजने येतो. ज्यांचा यूएएनच एजन्सीच्या माणसाच्या मोबाइलला जोडलेला आहे, त्यांनी पहिलं काम म्हणजे आधारमार्फत आपला नंबर जोडून घ्यावा. करार सोडल्यानंतर ओटीपी मागायला त्याच माणसाकडे जावं लागलं, तर अवघड होऊन बसतं.

अकरा महिन्यांचा करार करून मधे चार दिवसांचा ब्रेक दिला की पीएफ लागत नाही, असा एक समज एमआयडीसीत पसरलेला आहे. तो खोटा आहे. पीएफ लागू असलेल्या ठिकाणी कामगार पहिल्या दिवसापासून सभासद होतो, मग तो कायम असो की ठेकेदाराचा.

त्या दोन सह्या कशावर असतात?

रविवारी गेटवर दाखवलेल्या कागदांत खालचा कागद नीट बघितला पाहिजे. वर नवा करार असतो. खाली जुन्या तारखेचा राजीनामा असू शकतो आणि त्यात एक ओळ असते, "माझा सर्व हिशोब मला मिळाला असून माझी कोणतीही बाकी राहिलेली नाही." रक्कम कोरी असते. पोरगा वरच्या कागदासाठी सही करतो आणि खालच्या कागदात मागच्या अकरा महिन्यांची बाकी सोडून देतो. करार पुढे करायचा असो वा नसो, बाकी मिटल्याच्या कागदावर पैसे खात्यात आल्याशिवाय सही करू नये. जबरदस्ती झालीच तर सहीखाली स्वतःच्या हाताने "ओटीची बाकी येणे आहे" असं लिहावं आणि त्या कागदाचा फोटो काढावा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही तर कुणासाठीच नाही, तो सख्खा मावसभाऊ असला तरी.

आता नकार कसा कळवायचा. मुदत संपायच्या किमान पंधरा दिवस आधी, करारात नोटीस जास्त असेल तर तितके दिवस आधी, एक साधं पत्र द्यावं. इंग्रजीची गरज नाही. मजकूर असा चालतो:

"मी आपल्या एजन्सीमार्फत अमुक कंपनीत अमुक तारखेपासून काम करत आहे. माझ्या कराराची मुदत अमुक तारखेला संपत आहे. त्यापुढे करार वाढवण्याची माझी इच्छा नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी कामावर हजर राहीन. माझा शेवटचा पगार, ओटी, शिल्लक रजा आणि बोनसचा हिशोब द्यावा, अनुभवाचा दाखला द्यावा आणि पीएफ खात्यात काम सोडल्याची योग्य तारीख नोंदवावी."

भांडण, शिव्या, जुन्या तक्रारी यात घालू नयेत. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. एजन्सीवाला पोहोच देत नसेल तर त्याच्या कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवावं, ईमेल करावा आणि कंपनीच्या एचआरलाही एक प्रत द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर चॅट पुसू नये. सुपरवायझरला तोंडी सांगितलं आणि तो "बरं" म्हणाला, याचा पुढे काहीच उपयोग होत नाही.

शेवटच्या दिवशी गेटपास, हेल्मेट, सेफ्टी शूज परत केल्याची चिठ्ठी घ्यावी. नाहीतर त्याचेच पैसे पगारातून कापले जातात. हजेरीचे फोटो, पंचिंगच्या नोंदी, बँकेचं स्टेटमेंट आणि मिळालेल्या सगळ्या स्लिपा गेटपास जमा करायच्या आधीच मोबाइलमध्ये साठवाव्यात. गेट बंद झालं की त्या पुन्हा मिळत नाहीत. दहावी-बारावीचं किंवा आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र एजन्सीकडे असेल तर पत्रातच ते परत मागावं. मूळ कागद अडकवून ठेवून माणसाला कामावर राहायला लावता येत नाही.

पैसे कधी मिळतात आणि नाही मिळाले तर

राजीनामा दिला किंवा कामावरून काढलं, तर वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असतो. मुदत संपून बाहेर पडणाऱ्याचा महिन्याचा पगारही पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या पुढे ताटकळत ठेवता येत नाही. बोनसबाबत तर बहुतेक जण पाणीच सोडतात. "दिवाळीला कामावर असशील तरच बोनस" हे एजन्सीचं वाक्य असतं, कायद्याचं नव्हे. बोनसला पात्र पगार असलेल्या कामगाराने हिशोबाच्या वर्षात 30 दिवस काम केलं असेल तर त्याला किमान 8.33 टक्के बोनस मिळतो, मग तो फेब्रुवारीत सोडून गेलेला का असेना. फक्त काही ठेकेदार तो दर महिन्याच्या पगारातच घालतात, तेव्हा आधी स्लिप तपासावी.

ठेकेदाराने हात वर केले तर? इथे कंपनीचा संबंध येतो. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. पीएफचंही तसंच आहे. कंपनीला तो पैसा पुढे ठेकेदाराच्या बिलातून वसूल करता येतो. म्हणूनच एचआरला दिलेली पत्राची प्रत कामाला येते. "आमचा काय संबंध, तुमच्या ठेकेदाराला विचारा" असं एचआर म्हणतं, पण लेखी तक्रार गेली की बऱ्याचदा ठेकेदाराचा फोन लागतो.

तरीही नाहीच मिळाले तर पगाराची तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करायची. कंपनी ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्यात ती करावी लागते. पारनेरच्या पोराने रांजणगावात काम केलं असेल तर पुणे जिल्ह्यातलं कार्यालय गाठावं लागतं, अहिल्यानगरचं नव्हे. वेतन संहितेत दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, पण तेवढं थांबायचं कशाला. पीएफची तक्रार मोबाइलवरून ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर करता येते. पीएफ कार्यालयाचं "निधी आपके निकट" हे शिबिर दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात भरतं, तिथेही कागद घेऊन जाता येतं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा नंबर आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा कायदाच आहे.

एजन्सीने काम सोडल्याची तारीख टाकली नाही, म्हणून पीएफ अडकून बसल्याच्या तक्रारी नेहमीच्याच. शेवटचा भरणा झाल्यावर दोन महिने थांबून कामगाराला ती तारीख यूएएनच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते. "मॅनेज"मध्ये जाऊन "मार्क एक्झिट" निवडायचं, आधारच्या ओटीपीवर काम होतं. नव्या ठिकाणी लागताना जुनाच यूएएन द्यावा. नवा काढू देऊ नये, नाहीतर दोन खाती जोडत बसावं लागतं. पेन्शनला 10 वर्षांची नोकरी लागते आणि ती तुकड्या-तुकड्यांनीच भरून निघते, तेव्हा प्रत्येक अकरा महिन्यांची नोंद नीट असणं महत्त्वाचं. ईएसआयसीचं कार्डही फेकू नये. कापणी झालेल्या महिन्यांच्या जोरावर काम सुटल्यावरही काही काळ लाभ मिळू शकतो, शाखा कार्यालयात विचारून घ्यावं.

राहिला प्रश्न सुपरवायझरच्या धमकीचा. "तुझं नाव काळ्या यादीत टाकीन, एमआयडीसीत कुठं लागतो बघू." काही ठेकेदार एकमेकांना ओळखतात हे खरं आहे. पण ज्याच्या हातात पोहोच असलेलं पत्र, पूर्ण भरलेली मुदत आणि अनुभवाचा दाखला आहे, त्याला दुसऱ्या एजन्सीत किंवा थेट कंपनीत उभं राहायला काहीतरी आधार असतो. न सांगता पळालेल्याकडे तोही नसतो. दुसरं काम हातात नसेल, घरी बचत गटाचा किंवा गाडीचा हप्ता चालू असेल, तर मुदत संपायच्या दोन महिने आधीपासून शोध सुरू करावा आणि नकाराचं पत्र त्यानंतर द्यावं. आणि एजन्सीवाला "थांब, पगार वाढवतो" म्हणाला, तर तो वाढीव आकडा आणि राहिलेल्या पीएफचे महिने आधी लेखी मागावेत.