काशीतला महासंगणक आणि ओव्हरक्लॉकिंगचा मोह

वाराणसीच्या आयआयटी-बीएचयूमध्ये १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ‘परम शिवाय’ या महासंगणकाचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतला हा पहिलाच महासंगणक. तो उभारला पुण्याच्या सी-डॅकने. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक घडवणारी संस्था ती हीच. खर्च साडेबत्तीस कोटी रुपये आणि कमाल क्षमता ८३७ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ८३७ लाख कोटी आकडेमोडी. पण त्यातल्या इंटेल झिऑन प्रोसेसरचा मूळ वेग आहे अवघा २.४ गिगाहर्ट्झ. गेम खेळण्यासाठी हौसेने जोडलेला घरचा पीसी आज पाच गिगाहर्ट्झच्याही पुढे पळतो. मग कोट्यवधी रुपये मोजून घेतलेल्या यंत्रात वेगाबाबत एवढा संयम का? वेग वाढवला की आधी पणाला लागते ती उत्तराची खात्री, आणि वैज्ञानिक गणितात त्या खात्रीशिवाय वेगाला काही किंमत नसते.

प्रोसेसरचे काम घड्याळाच्या ठोक्यावर चालते. पाच गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला पाचशे कोटी ठोके. दोन ठोक्यांमधला वेळ ०.२ नॅनोसेकंद. तेवढ्यात विजेचा संकेत अनेक सूक्ष्म वळणे पार करून मुक्कामी पोहोचायला हवा. बनारस घराण्याच्या तबल्यातही हाताच्या तयारीपलीकडे लय चढवली, तर ठेका चालू राहतो, पण बोल पुसट होतात. इथेही तसेच होते: संकेत पोहोचण्याआधीच पुढचा ठोका पडला, की एकाच्या जागी शून्य नोंदले जाते. उत्पादकाने उष्णता, वय आणि विजेतले चढउतार धरून थोडी मोकळीक राखलेली असते. ओव्हरक्लॉकिंग करणारा, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणारा, ती मोकळीक खर्च करतो. संकेताने वेळ गाठावी म्हणून मग व्होल्टेज वाढवावे लागते, आणि खरी किंमत तिथे मोजावी लागते. विजेचा खप वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग २० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर खप वाढतो सुमारे ४५ टक्के, आणि त्या सगळ्याची शेवटी उष्णताच होते. पंखा चिपला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. जेठातल्या बनारसमध्ये, किंवा मे महिन्यातल्या जळगावात, खोलीच चाळिशीला टेकलेली असते. युरोपातल्या थंड खोलीत ‘स्थिर’ ठरलेल्या सेटिंगचा आपल्याला काय उपयोग?

हे केवळ तर्कापुरते नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांच्या नोंदी तपासल्या. ओव्हरक्लॉक केलेल्या यंत्रांत प्रोसेसरमुळे संगणक कोलमडण्याची शक्यता, कंपनीनुसार, चौपटीपासून जवळजवळ वीसपटीपर्यंत वाढलेली दिसली. २०२४ मध्ये तर इंटेलच्याच तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळाल्याने कालांतराने अस्थिर होत असल्याचे कंपनीने मान्य केले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यातला एक तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गेम बंद पडताना पडद्यावर संदेश यायचा तो ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याचा. दोष प्रोसेसरमध्ये आणि संशय भलत्यावरच!

हौशी मंडळींचा आक्षेप असा, की आम्ही प्रोसेसरला ताण देणारी प्राइम९५ सारखी चाचणी रात्रभर चालवतो. त्यात चूक निघाली नाही तर यंत्र स्थिरच आहे. चाचणी उपयोगी आहे यात वाद नाही. पण ती त्या रात्रीच्या तापमानाची आणि त्याच प्रकारच्या गणिताची ग्वाही देते. पुढच्या उन्हाळ्याची नाही. संगणक बंद पडला तर निदान कळते. बंद न पडता चुकीचे उत्तर देणारा संगणक अधिक घातक. गूगलच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये लिहिले, की ओव्हरक्लॉकिंगचा संबंध नसतानाही काही हजार यंत्रांमागे प्रोसेसरचे मोजके गाभे (कोअर) गुपचूप चुकीचे गणित करतात. रेणूंच्या हालचालीचे गणित कित्येक दिवस चालते. त्यात दुसऱ्या दिवशी शिरलेली चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात मुरते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: टर्बोच्या नावाखाली कंपन्या स्वतःच वेग वाढवतात, ते चालते कसे? चालते, कारण तो वेग तापमान आणि विजेचा भार क्षणोक्षणी मोजून दिला जातो आणि मर्यादा आली की काढून घेतला जातो. २०२४ च्या प्रकरणाने दाखवले, की हे मोजमाप चुकले तर कंपनीचीही सुटका नाही. शिवाय टर्बोने गाभ्यातला वेग आधीच जवळपास पिळून काढलेला असतो. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर अनेकांनी ४५० वर चालवला. तशी दीडपट कमाई आता साध्या पंख्यावर होत नाही. महासंगणकांनी वेगळी वाट केव्हाच धरली: बेताच्या वेगाचे हजारो गाभे एकत्र जुंपायचे.

गेमपुरत्या पीसीवर हा खेळ खुशाल खेळावा. फार तर गेम बंद पडेल. पण ज्या संगणकावर प्रबंधाची आकडेमोड, दुकानाचे हिशेब किंवा घरातल्या फोटोंची एकुलती एक प्रत आहे, त्याचा वेग कारखान्याने ठरवला तेवढाच राहू द्या.