परळचं माकड आणि कटाची आमटी

हाफकिन संस्था म्हटलं की आपल्याला प्लेग, लस, नाहीतर सापाचं विष आठवतं. परळच्या त्या आवाराचं मेथीच्या जुडीशीही नातं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

1928 साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत, याच हाफकिनमध्ये काम करायला आल्या. गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला, तेच हे वर्ष. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, धापा टाकत आणि त्यातल्या कित्येक दगावत. रक्त तपासलं तर लाल पेशी मोजक्याच, पण ज्या होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडलं तर पेशी बारीक होतात. इथं उलटंच दिसत होतं. जंतूंचा शोध घेऊन झाला, हाती काही लागलं नाही. मग बाईंनी या बायकांच्या ताटाकडे मोर्चा वळवला.

त्या बायका जेवत त्या धर्तीचं निकस अन्न त्यांनी माकडांना घातलं. माकडांचंही रक्त उतरलं. इलाज म्हणून बरंच काही देऊन पाहिलं आणि शेवटी गुण आला तो मार्माइटनं. मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. (चव ज्याची त्यानं पाहावी, मी एकदा पाहिली आहे.) बायकांना दिला, त्याही सुधारल्या. 1931 मध्ये हे छापून आलं. नेमकं काय कामी आलं ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. दहा वर्षांनी अमेरिकेत चार टन पालक आटवून तो चिमूटभर पदार्थ हाती आला आणि पानाला लॅटिनमध्ये असलेल्या शब्दावरून त्याचं नाव फॉलिक आम्ल पडलं. 1945 मध्ये तो प्रयोगशाळेत बनवून दाखवणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

फॉलिक आम्ल ‘आवश्यक’ घटकांत मोडतं. आहारशास्त्रात हा शब्द ‘चांगलं’ या अर्थानं येत नाही. जे शरीराला लागतं, पण त्याला स्वतःला बनवता येत नाही किंवा पुरेसं बनत नाही, ते आवश्यक. 13 जीवनसत्त्वं, 9 अमिनो आम्लं, 2 मेदाम्लं आणि लोह, जस्त, आयोडीन यांसारखी खनिजं, एवढा हा कुटुंबकबिला. पिष्टमय पदार्थ, प्रथिनं आणि मेद आपण ग्रॅमांत मोजतो. फॉलिकचा हिशेब मायक्रोग्रॅमचा, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचा. म्हणून तर पोट भरूनही माणूस उपाशी राहतो. भूक उष्मांकांची लागते, फॉलिकची लागत नाही.

ते लागतं कशाला? पेशी दुभंगताना आतल्या डीएनएची नक्कल करायला. आपल्या हाडांच्या मगजात सेकंदाला 20 लाखांहून जास्त लाल पेशी तयार होतात, आणि प्रत्येकीचं आयुष्य सुमारे 120 दिवसांचं. नक्कल अडली की पेशी वाढते पण दुभंगत नाही, म्हणून ती मोठी दिसते. पोटातलं मूल तर दुभंगणाऱ्या पेशींचाच कारखाना. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या 28 दिवसांत मिटते, म्हणजे दिवस राहिल्याचं पुष्कळदा बाईला कळायच्याही आधी. म्हणून मूल हवं असेल तर आधीपासूनच रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायला सांगतात. आशाताई वाटतात त्या ‘रक्तवाढीच्या’ लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक असतं. गरोदरपणात ती 180 दिवस घ्यायची. ती चहाबरोबर गिळू नये, चहा लोह अडवून धरतो. लिंबाचं सरबत चालेल.

फॉलिक एकटं पुरत नाही, त्याला बी-12 ची सोबत लागते. बी-12 वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटणातून येतं. ते कमी असताना नुसतं फॉलिक घेत राहिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि आत नसा बिघडत जातात. मनानं गोळ्या खाणाऱ्या आमच्या शाकाहारी मित्रमंडळींना मी हे सांगून थकलो.

स्वयंपाकघरात फॉलिक मेथी, पालक, चवळी, मटकी, हरभरा, शेंगदाण्यांत असतं. पण ते नाजूक. आचेनं जातं, पाण्यात उतरतं. चिरून मग धुतलेली भाजी आणि उकडून पिळलेला पालक म्हणजे अर्धं फॉलिक मोरीत. माझी आजी पुरणाची डाळ शिजली की चाळणीवर ओतायची आणि खाली पातेलं धरायची. त्या पिवळसर पाण्यात, कटात, ती गोडा मसाला, चिंच, गूळ घालून वर खोबऱ्याची फोडणी द्यायची. पोळी दोन खाल्ल्या तरी चालतील, पण आमटीची वाटी रिकामी झालीच पाहिजे, असा तिचा दंडक होता. ल्युसी विल्स हे नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं.