गाडी खाली घेताना

चारचाकी थोडी खाली बसली, की ती रुबाबदार दिसते, हे मान्यच करायला हवं. चाक आणि मडगार्ड यांमधली पोकळी कमी होते, गाडी रस्त्याला धरून असल्यासारखी वाटते. शर्यतीच्या गाड्या खाली असतात, त्यालाही कारण आहे. गुरुत्वमध्य खाली आला, की गाडी वळणावर अधिक स्थिर राहते. तेव्हा हौसेत काही गैर नाही. ती स्वस्तात पुरवायला गेलं, की मात्र गोष्ट जिवावर बेतू शकते.

सस्पेन्शन म्हणजे तिघांची भागीदारी. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते आणि खड्ड्याचा धक्का पोटात घेते. दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते. त्या उसळीला आवर घालतो तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत शॉकअप. आणि चाक वरखाली होताना त्याची दिशा व कल सांभाळतात ते खालचे आर्म. एकाला हात लावला, की बाकीच्या दोघांचा हिशेब बदलतो.

स्वस्तातला उपाय दोन प्रकारचा. पहिला, ग्राइंडरने स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापणं. सहा वेढ्यांची स्प्रिंग पाच वेढ्यांची झाली, की ती वीस टक्के ताठ होते. मूळ शॉकअपला ती आवरत नाही. शिवाय आखूड झालेली स्प्रिंग मोठ्या खड्ड्यात चाक लोंबलं की आपल्या बैठकीतून सुटते आणि परत बसताना तिरकी बसू शकते. दुसरा प्रकार, गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग लाल करून दाबणं. हा त्याहून वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेलं असतं. लाल होईपर्यंत तापवलं, की ते उतरतं. मग गाडी खचत जाते, तीही एका बाजूला जास्त.

गाडी खाली आली म्हणजे चाकाला वर जायला जागा कमी उरली. ही जागा निम्मी झाली, तर तोच धक्का तेवढ्यात जिरवायला स्प्रिंग चौपट ताठ लागते. ती नसली, की प्रत्येक गचक्याला गाडी बंप स्टॉपच्या रबरावर आदळते. भर वळणात असं झालं, तर चाकाची पकड अचानक सुटते. चाकांचा कलही बदलतो आणि टायर आतल्या कडेने झिजतात. आर्म बाहेरच्या टोकाला फार वर वळले, तर खाली घेतलेली गाडी उलट जास्त कलू लागते.

मग योग्य रीत कोणती? त्या मॉडेलसाठीच बनवलेल्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप, असा पूर्ण संच घ्यावा. खाली घ्यायचं ते अडीच-तीन सेंटीमीटरच. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांच्या पोटाखाली साधारण सोळा-सतरा सेंटीमीटर जागा असते आणि पाच माणसं बसली की ती घटते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली सुचवलेला गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद. प्रत्यक्षातले गतिरोधक कसे असतात, ते आपण जाणतोच.

आधीच बिघडवलेली गाडी हाती आली असेल, विशेषतः सेकंडहँड, तर चाक काढून स्प्रिंगची टोकं पाहावीत. कापल्याची खूण, गंज किंवा जळका रंग दिसला, की समजावं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर डावी-उजवीकडे मोजावं. जॅकवर चाक लोंबलं असता स्प्रिंग हाताने हलली, तर गाडी चालवूच नये.

कापलेल्या किंवा तापवलेल्या स्प्रिंगला दुरुस्ती नाही. ती भंगारातच द्यावी. नव्या स्प्रिंगा जोडीनेच बसवाव्यात. गळका शॉकअप, फुटलेले बंप स्टॉप आणि वरचे माउंट त्याच वेळी बदलावेत. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जायबंदी होतो, म्हणून हे काम योग्य कॉम्प्रेसर असलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावं. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळलं जाऊन लवकर फाटतं. शेवटी व्हील अलाइनमेंट करावी आणि हेडलाइटचा झोत जुळवून घ्यावा.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणून स्प्रिंगला हात लावण्याआधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. परवानगी मिळत नसेल, तर गाडी आहे त्या उंचीवरच ठेवावी. मागच्या सीटवर आपलीच मुलंबाळं बसतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)